सॅक्सोफोनमागची माणसं

ऑर्केस्ट्राच्या अरेंजरपुढचा कागद नीट पाहिला तर त्यात एक गंमत दिसते. पानावर वरून खालपर्यंत वीस-पंचवीस ओळी असतात. बासरी, क्लॅरिनेट, ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, व्हायोलिन, चेलो अशी प्रत्येकाची आपापली ओळ. कोणी कुठला सूर, किती वेळ, किती जोरात वाजवायचा, कुठे श्वास घ्यायचा, हे सगळं त्यात बारीक अक्षरांत भरलेलं असतं. मधेच एक ओळ मात्र जवळजवळ कोरी सापडते. तिच्यावर तिरप्या रेघा आणि डोक्यावर कॉर्डची नावं, बस्स. ही ओळ सोलो वाजवणाऱ्याची. कव्हरवर मोठ्या टायपात नाव त्याचं, लोक पैसे मोजणार ते त्याच्यासाठी, आणि कागदावर सगळ्यांत कमी लिहिलेलं असतं तेही त्याच्याचसाठी.

जाझ सॅक्सोफोनवादकाने ऑर्केस्ट्रासोबत स्टुडिओत केलेला आल्बम समजून घ्यायचा, तर या कोऱ्या ओळीच्या वर-खाली ज्याने लिहिलं त्याच्याकडे पाहावं, असं माझं ठाम मत आहे. आणि अशा लिहिणाऱ्यांची गोष्ट सांगायला बसलं की न्यूयॉर्कच्या आधी टोरांटोचं नाव घ्यावं लागतं. विसाव्या शतकात ऑर्केस्ट्रासाठी हलकं आणि जाझ संगीत लिहिणारी जी मोठी नावं घेतली जातात, त्यांतली तीन-चार या एका शहरात जन्मलेली आहेत.

आपल्या कानाला हा प्रकार मुळात थोडा उलटा वाटतो. आपल्याकडे गवई ऐनवेळी वळला तर तबलजी आणि पेटीवाला त्याच्यामागे वळतात. संगत करणं म्हणजे तेच. पण समोर कागद ठेवून बसलेल्या तीस माणसांना वळता येत नाही. तेहतिसाव्या मापात चेलो जे वाजवणार ते वाजवणारच, सोलो वाजवणाऱ्याला त्या क्षणी काहीही सुचलेलं असो. म्हणजे उपज करणाऱ्यानेच मागच्यांची संगत करायची, तीही त्यांना पत्ता लागू न देता. हे ज्याला जमतं त्याचा आल्बम होतो. न जमलेले कितीतरी आल्बम सेकंडहँड रेकॉर्डच्या दुकानात धूळ खात पडलेले असतात.

त्यात सॅक्सोफोन हा ऑर्केस्ट्रात उपराच. बेल्जियमच्या अडॉल्फ सॅक्सने पॅरिसमध्ये १८४६ साली त्याचं पेटंट घेतलं. अंग पितळेचं आणि तोंडाला क्लॅरिनेटसारखी वेताची पत्ती, असं हे वाद्य. सॅक्सला ते लष्करी बँडबरोबर ऑर्केस्ट्रातही हवं होतं. लष्करी बँडने ते घेतलं, ऑर्केस्ट्राने पाहुणा म्हणूनच ठेवलं. बिझेने १८७२ मध्ये एका नाटकाच्या संगीतात त्याला जागा दिली, राव्हेलने ‘बोलेरो’त दिली. पण सिंफनी ऑर्केस्ट्राच्या पगारी यादीत सॅक्सोफोनवाला आजही नसतो, लागेल तेव्हा बाहेरून बोलावतात. बँडमधून हे वाद्य अमेरिकेतल्या नाचगाण्याच्या पार्ट्यांत गेलं आणि तिथून जाझमध्ये.

सुरांचंही भांडण आहे. व्हायोलिनच्या मोकळ्या तारा जी, डी, ए आणि ई या स्वरांच्या. म्हणून डी मेजरसारख्या पट्टीत तंतुवाद्यं मोकळी आणि भरदार वाजतात. पण आल्टो सॅक्सोफोन ई-फ्लॅटचा. ऑर्केस्ट्रा डी मेजरमध्ये वाजवतो तेव्हा आल्टोवाल्याच्या कागदावर बी मेजर येतो, म्हणजे पाच शार्प. सॅक्सोफोनला फ्लॅटच्या पट्ट्या सोप्या, व्हायोलिनला शार्पच्या. अरेंजरला कोणाच्या तरी बोटांना त्रास द्यावाच लागतो. त्यातून तालाची अडचण वेगळीच. जाझवाला ठोक्याच्या किंचित मागे रेलून वाजवतो. तंतुवाद्यांचा सूरही ठोक्याच्या मागेच उमलतो, पण तो गज तारेवर धरायला वेळ लागतो म्हणून. दोघेही मागे, पण वेगवेगळ्या कारणांनी आणि वेगवेगळ्या अंतराने. खराब रेकॉर्डिंगमध्ये व्हायोलिनं ओल्या गादीसारखी जड वाटतात ती यामुळे.

हे सगळं माहीत असूनही ३० नोव्हेंबर १९४९ रोजी न्यूयॉर्कमध्ये आल्टो सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर तंतुवाद्यांसमोर उभा राहिला. निर्माता होता नॉर्मन ग्रँझ, अरेंजर जिमी कॅरल. मोठा ऑर्केस्ट्रा नव्हताच: तीन व्हायोलिनं, एक व्हायोला, एक चेलो, हार्प, ओबो, आणि पियानो-बास-ड्रम्स. सगळे एका खोलीत आणि एकाच वेळी. नंतर सुधारणा करायची सोयही नव्हती. त्या दिवशी सहा गाणी झाली. त्यातलं ‘जस्ट फ्रेंड्स’ आजही ऐकताना अंगावर येतं. सुरुवातीला हार्प आणि व्हायोलिनं चित्रपटातल्या पहाटेसारखं काहीतरी उलगडतात. तुम्ही म्हणता, आता एखादा गोड आवाजाचा गायक येणार. आणि येतो पार्कर, खिडकी उघडून आत घुसलेल्या वाऱ्यासारखा. व्हायोलिनं त्याला अडवत नाहीत आणि मदतही करत नाहीत. ती आपल्या जागी लांब सूर धरून बसतात आणि हा त्यांच्या अंगाखांद्यावरून पळतो. मधे मिच मिलरचा ओबो चार शहाणे शब्द बोलून जातो. पुढे १९५० मध्ये जो लिपमनच्या अरेंजमेंटवर आणखी आठ गाणी झाली.

जाझच्या कट्टर मंडळींनी नाकं मुरडली. पार्कर बाजारात गेला, असा सूर होता. गंमत म्हणजे पार्करच्या हयातीत सर्वांत जास्त खपल्या त्या याच रेकॉर्डी. टीकाकारांचं एक म्हणणं मात्र मला पटतं: कॅरलचं लिखाण पार्करसाठी खास नाही. त्याच्या जागी कोणी गायिका आणून उभी केली असती तरी एक सूर बदलावा लागला नसता. पार्कर वाजवतो म्हणून ते उभं राहतं, एवढंच.

आता टोरांटो. पर्सी फेथ १९०८ साली तिथे जन्मला. लहानपणापासून पियानो वाजवणारा, मूकपटांना साथ करणारा हा मुलगा अठराव्या वर्षी मैफलीचा पियानोवादक होण्याच्या वाटेवर होता. एके दिवशी धाकट्या बहिणीच्या कपड्यांनी पेट घेतला आणि त्याने ती आग हातांनी विझवली. हात भाजले ते भाजलेच. पियानो दुरावला तेव्हा त्याने इतरांनी वाजवायचं ते लिहायला घेतलं. रेडिओवर नाव झालं, १९४० मध्ये तो अमेरिकेत गेला आणि पुढे त्याच्या ऑर्केस्ट्राचं ‘अ समर प्लेस’ १९६० साली नऊ आठवडे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर राहिलं. दुसरा रॉबर्ट फार्नन, जन्म १९१७. टोरांटोत रेडिओवर ट्रम्पेट वाजवायचा. दुसऱ्या महायुद्धात मित्रसैन्याच्या कॅनेडियन बँडचा कॅप्टन म्हणून इंग्लंडला गेला आणि तिथेच राहिला. ग्लेन मिलरचा अमेरिकन बँड होता, त्याचा हा कॅनेडियन जोडीदार. तंतुवाद्यांसाठी लिहिण्यात याचा हात धरणारा कोणी नव्हता. धंद्यातले अरेंजर त्याला ‘द गव्हनर’ म्हणत, म्हणजे आपल्याकडच्या ‘मालक’ किंवा ‘उस्ताद’सारखं.

तिसरा गिल इव्हान्स, जन्म १३ मे १९१२. जन्मनाव ग्रीन, इव्हान्स हे सावत्र वडिलांचं आडनाव. लहानपणीच कॅनडा सुटला आणि तो कॅलिफोर्नियात वाढला, त्यामुळे कॅनडाने त्याच्यावर हक्क सांगावा का, हा वादाचा मुद्दा आहे. कॅनडा सांगतो, आपणही सांगू देऊ. इव्हान्सने क्लॉड थॉर्नहिलच्या वाद्यवृंदात काम करताना फ्रेंच हॉर्न आणि ट्यूबा यांच्यासाठी लिहिलं. १९४०च्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्कमध्ये पंचावन्नाव्या रस्त्यावर, एका चिनी लाँड्रीच्या मागच्या तळघरात त्याची खोली होती. दार कधी बंद नसायचं. माइल्स डेव्हिस यायचा, जेरी मलिगन यायचा, आणि चार्ली पार्कर तर तिथे पथारीच टाकायचा.

पार्करचा आणि टोरांटोचा संबंध बहुतेकांना माहीत असतो तो १५ मे १९५३च्या रात्रीमुळे. टोरांटोच्या न्यू जाझ सोसायटी नावाच्या हौशी मंडळाने मॅसी हॉलमध्ये पार्कर, डिझी गिलेस्पी, बड पॉवेल, चार्ल्स मिंगस आणि मॅक्स रोच यांना एकत्र आणलं. त्याच रात्री शिकागोत रॉकी मार्सियानो आणि जर्सी जो वॉलकॉट यांची हेवीवेट झुंज होती, त्यामुळे सभागृह बरंचसं रिकामं राहिलं. झुंज पहिल्याच फेरीत आटोपली, मैफल अजून ऐकली जाते. पार्करने त्या रात्री वाजवला तो ग्राफ्टन कंपनीचा पांढऱ्या प्लास्टिकचा आल्टो. हा सॅक्सोफोन १९९४ साली लंडनच्या लिलावात ९३,५०० पौंडांना गेला आणि आता कॅन्सस सिटीच्या संग्रहालयात आहे. पार्कर ग्रँझशी कराराने बांधलेला होता, म्हणून मिंगस आणि रोच यांच्या कंपनीने ती मैफल रेकॉर्डवर काढली तेव्हा त्याचं नाव ‘चार्ली चॅन’ असं छापलं. हे सगळं पुष्कळांनी पुष्कळदा लिहिलं आहे.

त्यानंतर बरोब्बर दहा दिवसांनी जे झालं त्याबद्दल कमी लिहिलं जातं. २५ मे रोजी पार्कर न्यूयॉर्कमध्ये स्टुडिओत गेला आणि या वेळी कागद लिहिला होता गिल इव्हान्सने. व्हायोलिनं नव्हती. फ्रेंच हॉर्न, क्लॅरिनेट, ओबो, बसून ही फुंकवाद्यं आणि त्यांच्या जोडीला डेव्ह लॅम्बर्टने जमवलेला गायकांचा ताफा. मिंगस आणि रोच मॅसी हॉलमधलेच. कागदावर कल्पना सुरेख: पार्करच्या पळत्या आल्टोभोवती माणसांचे आणि लाकडी वाद्यांचे मऊ थर. प्रत्यक्षात तारांबळ उडाली. गायकांचा आवाज पुढे आला की फुंकवाद्यं बुडायची. फुंकवाद्यांना मोकळं केलं की सगळ्यांचाच गिचमिडा. टेकवर टेक होत गेले, हातात तीन गाणी पडली आणि ग्रँझने तो नाद सोडला. रेकॉर्ड बाहेर आली तेव्हा तिची टरच उडवली गेली.

मी ती तीन गाणी अनेकदा ऐकली आहेत आणि मला ती फसलेलीच वाटतात. पण कॅरलच्या यशापेक्षा इव्हान्सचं हे अपयश जास्त शिकवतं. कॅरलने सोलोखाली गादी अंथरली होती. इव्हान्सला सोलोशी बोलणारी माणसं हवी होती. बोलणाऱ्यांची गर्दी झाली आणि त्यांना वेगवेगळं ऐकू येईल असं पकडण्याचं तंत्र त्या खोलीत त्या दिवशी नव्हतं, एवढीच अडचण.

ती अडचण इव्हान्सने पाच वर्षांनी सोडवली, तोवर पार्कर गेला होता. १९५८च्या एप्रिल-मे महिन्यांत इव्हान्सने ‘न्यू बॉटल ओल्ड वाइन’ हा आल्बम केला. आल्टोवर होता कॅननबॉल अॅडर्ली. पार्करनंतर कोण, या प्रश्नाला तेव्हा लोक ज्याचं नाव देत, तो. आठ रचना, जुन्याकडून नव्याकडे लावलेल्या: पहिली ‘सेंट लुइस ब्लूज’, शेवटची पार्करची ‘बर्ड फेदर्स’. इथेही व्हायोलिन नाही, आणि गायकही नाहीत. ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, फ्रेंच हॉर्न, ट्यूबा, बासरी, बास क्लॅरिनेट असे वेगवेगळ्या रंगांचे आवाज, आणि प्रत्येक रंग थोडाच. कॅननबॉल वाजवत असताना मागे एका वेळी क्वचितच सगळे वाजवतात. दोन-तीन वाद्यं एक वाक्य बोलतात, गप्प होतात, दुसरी दोन उत्तर देतात. ट्यूबा, जे वाद्य आपण लग्नाच्या वरातीतल्या पोंऽ पोंऽसाठी ओळखतो, ते इथे कधी बासचं काम करतं तर कधी सरळ चाल वाजवतं. सोलो वाजवणाऱ्याला मागच्या प्रत्येक वाक्याआधी आणि नंतर हवा मिळते. कोऱ्या ओळीभोवतीही कोरी जागा सोडायची, हे १९५३च्या कागदात नव्हतं.

मुंबईच्या वाचकाला यात परकं काही नाही. आपल्या चित्रपटसंगीतात हेच काम गोव्याच्या मंडळींनी केलं. सेबॅस्टियन डिसूझा यांनी शंकर-जयकिशनसाठी शेकडो गाणी सजवली. अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ साली मुंबईत शंभरावर वादकांचा ऑर्केस्ट्रा उभा केला. आणि १९६८ च्या ‘रागा जाझ स्टाइल’ या आल्बममध्ये रईस खान यांच्या सतारीशेजारी मनोहारी सिंग यांचा सॅक्सोफोन आहे, अरेंजमेंट सेबॅस्टियन यांची. रेकॉर्डवर नाव शंकर-जयकिशन यांचं. अरेंजरचं नाव शोधायला कव्हर उलटून बारीक टाइप वाचावा लागतो, ही तऱ्हा मुंबईत आणि न्यूयॉर्कमध्ये सारखीच.

जे कॅनडातच राहिले त्यांचं काय? १९६०च्या आसपास तिथल्या रेडिओ केंद्रांची तक्रार होती की वाजवायला कॅनेडियन रेकॉर्डीच नाहीत. म्हणून १९६२ साली लायमन पॉट्स याने कॅनेडियन टॅलेंट लायब्ररी सुरू केली. केंद्रांनी वर्गणी भरायची, त्या पैशांतून तिथल्या कलावंतांची रेकॉर्डिंग करायची आणि ती केंद्रांना वाटायची. पुढे १९७१ पासून सरकारनेच नियम केला की एएम रेडिओवरच्या संगीतात ३० टक्के संगीत कॅनेडियन हवं. नियमांनी कला जन्मत नाही हे खरं, पण स्टुडिओचं भाडं निघतं. टोरांटोत अरेंजर आणि वादकांचा एक संच तयार झाला. सकाळी जाहिरातीची धून, दुपारी रेडिओचा ऑर्केस्ट्रा, रात्री क्लबमध्ये जाझ, असा त्यांचा दिवस.

रॉब मॅकॉनेलचा ‘बॉस ब्रास’ याच वातावरणात १९६८ साली उभा राहिला. ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, फ्रेंच हॉर्न, रिदम, आणि सॅक्सोफोन एकही नाही! जाझच्या मोठ्या बँडमध्ये सॅक्सोफोन नसणं म्हणजे वरणाशिवाय जेवण. दोनेक वर्षांत मॅकॉनेलने चूक सुधारली आणि सॅक्सोफोनची रांग बसवली. तिच्या अग्रभागी असायचा मो कॉफमन.

कॉफमन (१९२८–२००१) टोरांटोचाच. त्याला जगाने ओळखलं ते १९५८ मधल्या एका बासरीच्या गाण्यामुळे. हौस म्हणून तो दोन सॅक्सोफोन एकदम तोंडात धरून वाजवायचा. १९७१ साली त्याने डग रायलीच्या अरेंजमेंटवर बाखच्या रचना वाजवल्या, १९७२ मध्ये विवाल्डीचे चार ऋतू. त्या काळातल्या विद्युत वाद्यांच्या आणि रॉक तालाच्या संगतीत. रेकॉर्डी खपल्या. आज ऐकताना त्यातला बराच भाग त्या वर्षांच्या बेलबॉटमसारखा वाटतो, पण बाखच्या धावत्या ओळी जाझ वादकाच्या बोटांना किती सहज बसतात हे कळतं. बाकी सॅक्सोफोनवाल्यांची धाव मात्र बहुधा चौकडीपुरती राहिली, कारण ऑर्केस्ट्रा परवडत नाही.

परवडत नाही म्हणजे किती, ते एकदा मांडून पाहू. अमेरिका आणि कॅनडा दोन्हीकडच्या वादकांची संघटना एकच आहे. तिच्या रेकॉर्डिंगच्या करारात तीन तासांचं एक सत्र धरतात आणि त्यातून आल्बमसाठी १५ मिनिटांपर्यंतच संगीत घेता येतं. म्हणजे तासाभराच्या आल्बमला किमान चार सत्रं. अठरा वादक धरले तर बहात्तर जणांची बिदागी झाली, तीही तालमी सोडून. सॅक्सोफोनवाल्याने मधेच बासरी किंवा क्लॅरिनेट उचललं तर दुसऱ्या वाद्याचे पैसे वेगळे. वर कागदांच्या नकला, स्टुडिओ, मिक्सिंग. जाझचा आल्बम दोन हजार प्रती खपला तरी निर्माता खूश असतो, तेव्हा हा हिशेब बाजारात कधीच जुळत नाही. १९५७ पासून कॅनडा कौन्सिल आणि १९८२ पासून फॅक्टर या अनुदान देणाऱ्या संस्था मधे उभ्या आहेत, म्हणून तो अधूनमधून जुळवता येतो.

आणि मग २००८ साली सीबीसीने, म्हणजे कॅनडाच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेने, आपला व्हँकुव्हरचा रेडिओ ऑर्केस्ट्रा बंद केला. १९३८ पासूनचा, उत्तर अमेरिकेतला शेवटचा. पगारी वादक, तयार खोली, तयार मायक्रोफोन असं ठिकाण गेलं. आता मोठं काही करायचं तर कलावंताने स्वतःच माणसं जमवायची.

क्रिस्टिन जेन्सनने तेच केलं. तिचं बालपण ब्रिटिश कोलंबियातल्या नॅनायमोचं. व्हँकुव्हर बेटावरच्या या लहानशा गावाने गायिका डायना क्रॉल दिली आणि क्रिस्टिनची थोरली बहीण, ट्रम्पेटवादक इन्ग्रिड जेन्सनही. गावच्या पाण्यात काहीतरी असावं. क्रिस्टिन आल्टो आणि सोप्रानो सॅक्सोफोन वाजवते. माँट्रियलच्या मॅगिल विद्यापीठात शिकली आणि त्याच शहरात स्थिरावली. २०१० मध्ये ‘क्रिस्टिन जेन्सन जाझ ऑर्केस्ट्रा’ या नावाने तिचा ‘ट्रीलाइन्स’ निघाला. त्याला २०११ साली समकालीन जाझ आल्बमचा जुनो हा कॅनडाचा संगीत पुरस्कार मिळाला.

‘ट्रीलाइन्स’मधल्या काही रचनांची नावं झाडांची आहेत. वेस्टर्न यू हे सावलीत अतिशय सावकाश वाढणारं झाड. त्याच्या सालीतून कर्करोगावरचं टॅक्सॉल हे औषध सापडलं. आर्ब्युटस समुद्रकाठच्या खडकांवर वाकडंतिकडं वाढतं, त्याची तांबूस साल कागदासारखी सोलून निघते आणि आतलं गुळगुळीत अंग दिसतं. रेड सीडरच्या एका खोडातून तिथले मूळ रहिवासी आख्खी नाव कोरत. पॅसिफिकच्या किनाऱ्यावर लहानपण काढलेली बाई माँट्रियलच्या बर्फात बसून ही झाडं आठवते आहे. नावं निव्वळ शोभेची नाहीत. तिचं लिखाण झाडीसारखंच थरांचं आहे: तळाशी ट्रॉम्बोनचे लांब सूर, मधे बासरी-क्लॅरिनेटची दाटी, आणि सोलो वाजवणारा त्यातून वाट काढतो. सॅक्सोफोनची रांग मधेच सॅक्सोफोन खाली ठेवून बासऱ्या आणि क्लॅरिनेट उचलते. वर सांगितलेला जास्तीचा खर्च तो हाच, आणि आल्बमचा रंगही तोच. व्हायोलिनं नाहीत, पण त्यांची उणीव भासत नाही.

हे तंत्र कुठून आलं त्याचा माग काढला की पुन्हा टोरांटो. ट्रम्पेटवादक केनी व्हीलर १९३० साली तिथे जन्मला, १९५२ मध्ये लंडनला गेला तो तिथलाच झाला, आणि त्याने मोठ्या वाद्यवृंदासाठी जे हळवं, धुक्यातलं लिखाण केलं त्याचे ठसे जेन्सनच्या पानापानावर आहेत. तीही ते लपवत नाही. ज्यांच्याकडून शिकलो त्यांच्या ऋणाची एक आख्खी रचनामालाच तिने लिहिली, आणि माँट्रियलच्या राष्ट्रीय जाझ ऑर्केस्ट्राने ती २०१७ मध्ये आल्बम म्हणून काढली.

जेन्सनचा मोठा फरक असा की ती लिहिणारी आणि वाजवणारी दोन्ही आहे. कॅरलने पार्करसाठी लिहिलं, इव्हान्सने कॅननबॉलसाठी. इथे कोरी ओळ आणि भरलेल्या ओळी एकाच हातच्या. मला वाटायचं अशी व्यक्ती सगळे सोलो स्वतःला ठेवेल. जेन्सन ते वाटून टाकते, आणि इन्ग्रिडच्या ट्रम्पेटला तर मानाचं पान असतं. २०१३ मधल्या ‘हॅबिटॅट’ या पुढच्या आल्बमात ‘निशियू’ नावाची रचना आहे. त्या वर्षी जानेवारीत उत्तर क्यूबेकमधल्या क्री आदिवासींच्या काही तरुणांनी एका वाटाड्यासह हडसन उपसागराच्या काठावरून चालायला सुरुवात केली. बर्फातून सुमारे १,६०० किलोमीटर चालत ते मार्चच्या अखेरीस ओटावाच्या संसदेसमोर पोचले, तोवर सात जणांचे शेकडो झाले होते. एकेक वाद्य सामील होत मोठं होणाऱ्या संगीताला याहून योग्य विषय कुठला मिळणार? ‘हॅबिटॅट’लाही २०१४ चा जुनो मिळाला.

मधल्या २०१२ सालचा जुनो घेऊन गेला फिल ड्वायर, तोही व्हँकुव्हर बेटाच्या बाजूचा सॅक्सोफोनवाला. त्याच्या ‘चेंजिंग सीझन्स’मध्ये पुन्हा चार ऋतू आहेत. कॉफमनने विवाल्डीच वाजवला होता, ड्वायरने विवाल्डीची फक्त कल्पना उचलली आणि संगीत सगळं स्वतःचं लिहिलं. जाझचा मोठा बँड एकीकडे, तंतुवाद्यांचा ऑर्केस्ट्रा दुसरीकडे, आणि मधे व्हायोलिनवादक मार्क फ्यूअर. म्हणजे सॅक्सोफोनवादकाच्या आल्बममध्ये पुढे उभं आहे ते व्हायोलिन! त्याच्या साठेक वर्षं आधी पार्करच्या मागे तीन व्हायोलिनं खाली मान घालून बसली होती, इथे सॅक्सोफोनची रांग व्हायोलिनच्या मागे बसली आहे. अशा रेकॉर्डिंगमध्ये ड्रम्स बहुधा वेगळ्या काचेच्या खोलीत ठेवतात, कारण तंतुवाद्यांवरचे मायक्रोफोन उंच टांगलेले असतात आणि झांजेचा आवाज त्यांत आधी शिरतो. प्रत्येकाच्या कानाला हेडफोन. १९५३ मध्ये इव्हान्सला जे हवं होतं ते तंत्र आता कुठल्याही बऱ्या स्टुडिओत मिळतं. ड्वायरने पुढे वकिलीची पदवी घेतली. अनुदानाचे अर्ज भरून भरून कायद्याची गोडी लागली असेल तर नवल नाही.

ऐकायला बसणाऱ्याने ‘जस्ट फ्रेंड्स’, मग ‘न्यू बॉटल ओल्ड वाइन’, मग ‘ट्रीलाइन्स’ या क्रमाने जावं. १९५३ ची ती तीन गाणी मधे घातलीत तर उत्तम, नाही घातलीत तरी चालेल. पहिल्या वेळी लक्ष सोलोकडे जाणारच, जाऊ द्यावं. दुसऱ्या वेळी सॅक्सोफोन चालू असताना मागचे कोण कोण गप्प आहेत, एवढंच मोजत राहावं. कॅरलच्या गाण्यात ते मोजायला फारसं काही मिळत नाही. इव्हान्सच्या आल्बममध्ये मोजता मोजता बोटं अपुरी पडतात.